झाळलेलं भांडं

इपोलितो सुटणार, हे मला कळलं तेव्हा मी मुंडीचा रस्सा वाढत होते. बातमी आणली ट्रकवाल्या देमेत्रियोनं. बाकावर टेकता टेकता म्हणाला, "दोन्या नासारिया, ऐकलंत का? तुमच्या कोंपाद्रेला सोडतायत. चांगली वागणूक म्हणे!" माझा हात थांबला नाही. मी त्याच्या वाडग्यात मेंढीचा गाल घातला, वरून पुदिना टाकला आणि म्हटलं, "मीठ बघ."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी शिव्या देईन, पळी फेकून मारीन असं त्याला वाटलं असणार. पुकाकांचाच्या बाजारात माझ्या जिभेला सगळे वचकून असतात, आणि तेच बरं. नाहीतर फुकट्यांनी मला केव्हाच विकून खाल्लं असतं. पण त्या दिवशी तोंडातून काही निघेना. आत शोधलं, तिथंही काही नव्हतं. गोठवणाऱ्या पाण्यात पहाटे भांडी घासली की बोटं हाताला असतात पण कळत नाहीत, तसं माझं वीस वर्षं चाललंय.

कोंपाद्रे म्हणजे आमच्याकडे पोरीचा मानलेला बाप. माझी मुलगी तेंचा तीन वर्षांची झाली आणि तिचं जावळ काढायचं ठरलं. आमच्यात तोवर केसांना कात्री लावत नाहीत. जावळाच्या दिवशी केसांच्या बारीक बटा पाडायच्या, प्रत्येक बटेला फीत बांधायची आणि पहिली बट जो कापेल तो पोरीचा दुसरा बाप, आईबापांचा कोंपाद्रे; पोरीची आई त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावाशी भांडलं तर चालतं, कोंपाद्रेशी नाही. त्याला दारातून परत लावायचं नाही, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि पोरीला चार दिवस घेऊन जातो म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही.

आमचा ठरला होता नवऱ्याचा मामेभाऊ. त्याचा ट्रक घाटात चिखलात रुतला. इकडे चाळीस माणसं आलेली, पोरीच्या डोक्यात तेवीस फिती, आणि फिती बांधल्यावर सूर्य बुडायच्या आत बट पडली नाही तर पोर दगावते म्हणून माझी सासू ऊर बडवत होती. अंगणात एक झाळकाम करणारा बसला होता. मक्याच्या चिचेचं, आमच्या आंबवलेल्या पेयाचं, मोठं पातेलं गळत होतं म्हणून त्याला सकाळी बोलावला होता. माझा नवरा मेलितोन थोडा चढलेला होता, म्हणाला, "देवानं माणूस दारात आणून बसवलाय, आणि तुम्ही घाटाकडे डोळे लावून बसलाय होय!"

तो माणूस आधी नको म्हणाला. "मी फिरस्ता, मालक. मला ना घर ना दार. माझा काय उपयोग पोरीला?" मेलितोननं चिचेचा पेला त्याच्यापुढे धरला. पुढं केलेलं खाल्लं-प्यायलं की मागणं मान्य केलं, मग माघार नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो बराच वेळ पेल्याकडे बघत बसला. मग एका दमात प्यायला, हात धुतले आणि तेंचाची उजव्या कानामागची बट कापली.

तो इपोलितो बार्सेना. दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं तिथल्या तिथं एक चिमुकला गडू केला, त्यावर खिळ्यानं ठिपके ठोकून तेंचाचं नाव काढलं आणि तिच्या हातात दिला; पुढे तो ती कायम कमरेला बांधून हिंडायची. बायका म्हणाल्या, मामेभावापेक्षा हाच बरा निघाला. मीही म्हणाले. उगाच आता साळसूदपणा कशाला आणू!

वर्षातून दोनदा यायचा. बाजारात कोळशाची शेगडी पेटवून बसायचा, भोकं पडलेली भांडी झाळून द्यायचा, आणि दुपारी माझ्याकडे रस्सा प्यायचा. दारू नाही, बायकांकडे बघणं नाही, आवाज इतका मऊ की कान द्यावा लागायचा. त्याची कथा मला त्याच बाकावर कळली, तुकड्यातुकड्यानं. जन्म खाली किनाऱ्याकडे, कापसाच्या मळ्यावर. आई धुणं धुवायची. ती मेली तेव्हा हा सात वर्षांचा. मुकादमानं याला एका म्हाताऱ्या झाळकाम्याच्या हवाली केलं. म्हातारा चुकीला माफी द्यायचा नाही, तापलेली लोखंडी कांडी हातावर टेकवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग होते. मी एकदा विचारलं, "मग पळून का नाही गेलात, कोंपाद्रे?" तर म्हणाला, "कुठं जायचं, कोमाद्रे? कुणाला तरी मी हवा होतो का?" मला भरून आलं होतं तेव्हा. मी त्याला दुसरं वाडगं भरून दिलं.

त्या वर्षांत डोंगरातल्या बाजारांतून पोरी नाहीशा व्हायच्या. नऊ, दहा, अकरा वर्षांच्या. आज या गावची, तीन महिन्यांनी चार गावं सोडून दुसरी. पोलीस म्हणायचे, लिमाला कुणाच्या तरी घरी कामाला नेली असेल, पैसे पाठवील बघा. थोडी मोठी असली तर म्हणायचे, कुणाचा तरी हात धरून गेली. आणि आम्हीही मान डोलवायचो, कारण खरंच किती पोरी लिमाला जायच्या. पुढे खटल्यात कळलं ते असं : आईचं लक्ष नसलेली पोर बघायची, तिला पत्र्याचा गडू द्यायचा, म्हणायचं, चल, तुझं नाव ठोकून देतो. नाव ठोकायचं सामान गावाबाहेर ठेवलंय. एवढंच. एवढ्यावर एकवीस पोरी त्याच्यामागून चालत गेल्या.

तेंचाचं तसं झालं नाही. तिला मीच पाठवली.

मे महिन्यातला क्रुसाचा सण होता. बाजार फुललेला, माझं मोठं भांडं ऐन वेळी गळायला लागलं, रस्सा विस्तवावर ठिबकत होता. तेंचा दहा वर्षांची. मी भांडं तिच्या डोक्यावर दिलं आणि म्हटलं, "कोंपाद्रेकडे ने आणि उभी राहून झाळून आण." ती म्हणाली, "आई, तिकडे नाच चाललाय, थोडा बघून येऊ?" माझं डोकं तापलेलं. मी ओरडले, "भांडं घेतल्याशिवाय परत आलीस तर तंगडं मोडीन!" हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, शेवटचं असं काही बोलले नाही, रोजचंच. तेही खोटं नाही, रोज मी तसंच बोलायचे.

संध्याकाळी दोघंही नव्हती. मी घाबरले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मानलेला बाप पोरीला घेऊन गेला, नवा झगा घेऊन देईल आणि आणून सोडील. आमच्याकडे असंच असतं. मेलितोन तर खूश होता. तिसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात कोंपाद्रेला चार शब्द सुनावायची तयारी केली, की निदान सांगून तरी न्यायचं. चौथ्या दिवशी पोलिसांत गेले. सार्जंटनं कागद काढला आणि विचारलं, "बाजारात कुणी परका माणूस घुटमळताना दिसला होता का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. परका कुणी नाही आला."

त्यानं तेच लिहिलं. मी अंगठा दिला. मी खोटं बोलले नव्हते. कोंपाद्रे परका नसतो, आणि त्याचं नाव पोलिसाच्या कागदावर घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. शिवाय तो येईलच पोरीला घेऊन, मग मी काय तोंड दाखवणार?

तो आला. पंधरा दिवसांनी, एकटा. हातात माझं भांडं. म्हणाला, "पोर भांडं टाकून गेली, कोमाद्रे. मी म्हटलं, झालं की देतो, तर म्हणाली नाच बघून येते." मी तेंचा हरवल्याचं सांगितलं तेव्हा तो मटकन खाली बसला आणि रडला. माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याला जेवू घातलं. भांडं विस्तवावर ठेवलं, एक थेंब गळला नाही. त्या भांड्यात मी नंतर वीस वर्षं रस्सा केला. कारागीर चांगला होता, खोटं का बोलू.

त्याला पकडायला आणखी सोळा महिने गेले, आणि आठ पोरी. दूरच्या एका गावात एका आईला आपल्या हरवलेल्या पोरीची फीत त्याच्या हत्यारांच्या पेटीच्या कडीला बांधलेली दिसली. ती किंचाळली, बाजार धावून आला. पकडल्यावर त्यानं काही लपवलं नाही. पोलीस फावडी घेऊन त्याला गावोगाव फिरवत होते आणि तो शांतपणे बोट दाखवत होता, इथं, आणि तिथं त्या दगडाच्या खाणीपाशी. एकवीस जागा. एकवीस आयांनी आपापली पोर उचलून नेली आणि पुरली. तेंचाचं नाव निघालं की मात्र तो मान हलवायचा. न्यायाधीशासमोर म्हणाला, "ती माझी मुलगी होती साहेब. मी जावळ कापलंय तिचं. मी असं करीन?" न्यायाधीशानं विषय सोडून दिला. एकवीस पुरेशा होत्या.

तर माझी पोर यादीत नाही. आमच्याकडे सर्व संतांच्या दिवशी मेलेल्यांसाठी ताट मांडतात, कणकेचं बाळ भाजून ठेवतात, आणि ज्याला पुरलेलंच नाही त्याचं ताट मांडत नाहीत. ते येतच नाही, वाट चुकतं. पहिल्या वर्षी मी बाळ भाजलं आणि हातात घेऊन बसून राहिले. मग भाजणंच सोडलं. मेलितोन खंगत गेला आणि सातव्या वर्षी गेला. त्याचं ताट मी मांडते. तो एकटाच येऊन जेवून जातो.

समोरच्या ओळीत बेनेदिक्ता बसते, बटाटेवाली. तिची निएवेस तेंचानंतर आठ महिन्यांनी गेली. त्या चौथ्या दिवशी मी सार्जंटला नाव सांगितलं असतं तर निएवेस आज तिशीची असती, हा हिशेब बेनेदिक्तानं कधी तोंडानं मांडला नाही. ती मला नमस्कार करते, माझ्या चुलीला वारा लागला तर पोतं आडवं धरते. पण वीस वर्षांत तिनं माझा रस्सा कधी तोंडाला लावला नाही. थंडीनं दात वाजत असले तरी घरून आणलेला उकडलेला बटाटाच खाते, माझ्याकडे पाठ करून.

बातमी आली त्या दुपारी बायका जमल्या. बेनेदिक्ता म्हणाली, "तुरुंगाच्या दाराशी उभ्या राहू. ट्रक भरून जाऊ. दार उघडलं की तो आपला."

"पोलीस असतील," कुणीतरी म्हणालं.

"असू देत. चाळीस बायकांपुढं ते काय करतील? टोप्या सांभाळतील."

मी म्हटलं, "मला आधी त्याच्याशी बोलायचंय."

बेनेदिक्ता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोल की. तुझं नातं आहे ना."

मला लागलं. तिच्यापाशी थडगं होतं. ती त्याला आज मारू शकत होती, उद्या मारू शकत होती. तो मेला की माझी पोर मात्र कायमची गेली. जागा फक्त त्यालाच ठाऊक. बाकी कसलं मला काही वाटत नव्हतं, पण जागा हवी होती.

रविवारी मी चुलीपाशी पाळलेल्या कुईंतली, म्हणजे खायच्या गिनीपिगांतली, सर्वांत गुबगुबीत कुई कापली, मसाला चोळून सबंध भाजली, डोक्यासकट. सहा अंडी उकडली, पिवळे बटाटे, मक्याचे दाणे, वर मिरचीची चटणी. लग्नाचं मागणं घालायला जातात तेव्हा जसं मांडतात तसंच ताट. ते विणलेल्या नव्या कापडात बांधलं आणि देमेत्रियोच्या ट्रकमधून तीन तासांवरच्या शहरात तुरुंगात गेले. पहारेकऱ्यानं कापड सोडून बघितलं आणि म्हणाला, "कुणाचं लग्न आहे, मावशी?" मी म्हटलं, "तुझ्या आजीचं." त्यानं आत सोडलं.

इपोलितो म्हातारा झाला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू. तुरुंगाच्या कारखान्यातही झाळकामच करायचा. मला बघून उभा राहिला, टोपी काढली. "कोमाद्रे," म्हणाला, "वीस वर्षांत तुम्ही पहिल्याच."

"बसा, कोंपाद्रे."

मी कापड जमिनीवर पसरलं, ताट उघडलं आणि गुडघ्यांवर बसले. मागणं घालताना बसतात तशी. त्यानं ताटाकडे बघितलं, माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. त्याला कळलं. चिचेच्या पेल्याकडे बघितलं होतं तसाच बराच वेळ बघत राहिला.

"काय मागायला आलात?"

"आधी खा."

"खाल्लं तर द्यावं लागेल."

"म्हणून तर आणलंय."

तो हसला, थोडासा. "तुमच्या हाताला चव आहे. इथं नुसतं पाणी देतात." मग विचारलं, "बाहेर बायका उभ्या राहणार आहेत का?"

"राहतील. मोठ्या दाराशी."

"साहेब म्हणालेत, मला मागून काढतील. गुरुवारी सकाळी दहाला, कारखान्याच्या फाटकातून." त्यानं टोपी हातात फिरवली. "पण जाऊ कुठं? मला न्यायला कोण येणार?"

"मी येईन."

"घरी न्याल?"

"नेईन. रस्सा वाढीन."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी डोळे हलवले नाहीत. मग त्यानं कुईचा पाय मोडला आणि खाल्ला. सगळं खाल्लं, सावकाश, हाडं चोखून. डोकं शेवटी खाल्लं. अंडी दोन उरली ती खिशात घातली. बोटं पुसली आणि म्हणाला, "जुनी चुन्याची भट्टी आहे ना, नदीच्या वळणावर. तिच्या पाठीमागे, जिथं दोन दगड एकमेकांवर कलंडलेत. गडू तिच्याजवळच ठेवलाय."

मी मान डोलवली. पुकाकांचाहून चालत अर्ध्या तासावर. दर आठवड्याला मी त्या वळणावरून सरपण आणते.

"ती पहिल्यासारखी नव्हती," तो म्हणाला. "म्हणजे, बाकीच्यांसारखी. मला तिला न्यायचंच नव्हतं. भांडं झाळून होत आलं होतं. पण ती म्हणाली, तुम्हीच चला आईकडे, मला एकटीला भीती वाटते. उशीर झालाय, आई मारील. आणि मग मी म्हटलं, चल, जवळच्या वाटेनं नेतो." तो बोटांकडे बघत होता. "शेवटपर्यंत भांडं सोडत नव्हती, कोमाद्रे. हातातून काढावं लागलं. भांड्याशिवाय घरी जाता येणार नाही म्हणत होती."

मी कापड गोळा केलं. घडी घालायला जमेना, दोनदा चुकली. तो म्हणाला, "द्या," आणि त्यानं नीट घडी घालून दिली.

सोमवारी सकाळी मी कुदळ घेऊन भट्टीपाशी गेले. फार खोल नव्हतं. गडू आधी लागला, गंजलेला, पण ठिपके बोटाला कळत होते. बाकीचं मी हातानं काढलं. इतकं कमी होतं. सगळं पाठीवरच्या शालीत बांधलं, लेकरू बांधतात तसं, आणि घरी आणलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त चालताना सारखं वाटत होतं, ही दहा वर्षांची, एवढी हलकी कशी?

मंगळवारी तशीच सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले. म्हटलं, कायद्याला कळू दे, ठेवू देत त्याला आतच. कोवळा वकील होता, नम्र. त्यानं पुस्तक काढलं, दोनदा वाचलं आणि लाजून म्हणाला, "वीस वर्षांची मुदत असते, मावशी. मे महिन्यात संपली. आता नवा खटला नाही होणार." त्यानं पुरण्याच्या परवानगीवर शिक्का मारून दिला. मी विचारलं, "म्हणजे मे महिन्याच्या आधी सापडली असती तर?" तो म्हणाला, "तर चाललं असतं." मी त्याचे आभार मानले. तो काय करणार बिचारा!

बुधवारी पुरली. पाद्री, खणणारा, मी. आणि फाटकापाशी बेनेदिक्ता, आत न येता. माती पडून झाल्यावर मी तिच्यापाशी गेले.

"मिळाली?" ती म्हणाली.

"मिळाली."

"कुठं?"

"भट्टीमागं. माझ्या सरपणाच्या वाटेवर."

मग मी तिला सांगितलं : गुरुवारी मोठ्या दाराशी जाऊ नका. इथंच बाजारात थांबा. एक वाजेपर्यंत मी येते. तिला समजायला क्षणभर लागला. मग तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

गुरुवारी दहाला फाटक उघडलं. इपोलितो हातात पेटी घेऊन बाहेर आला आणि चारी दिशांना बघू लागला. मी दिसले तसा त्याचा जीव भांड्यात पडला. देमेत्रियोच्या ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही याल की नाही. मग म्हटलं, कोमाद्रे शब्द मोडणार नाही. कोंपाद्रेला घरी नेताना कुणी हात लावत नाही." देमेत्रियोनं एकदा आरशात माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. घाट चढताना इपोलितोला डुलकी लागली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी ते काढलं नाही.

बाजारात कमालीची शांतता होती, पण सगळी दुकानं उघडी होती. मी त्याला माझ्या बाकावर बसवलं. त्याच जुन्या भांड्यातून रस्सा वाढला, मेंढीचा गाल घातला, पुदिना टाकला. त्यानं भांडं ओळखलं. डाख लावलेल्या जागी बोट फिरवून म्हणाला, "अजून टिकलंय!"

"टिकलंय," मी म्हटलं. "मीठ बघा."

तो सगळं प्यायला. वाडगं तिरकं करून शेवटचा घोट घेतला. बायका तोवर आपापल्या जागेवरून उठून जवळ आल्या होत्या, हळूहळू. मी माझा शब्द पाळला होता : न्यायला गेले, आणलं, रस्सा वाढला. मी चुलीकडे तोंड केलं आणि लाकूड आत सारलं. मागून त्याचा आवाज एकदाच आला, "कोमाद्रे?" तेवढाच, मऊ. मी वळले नाही. मग पावलांचा आवाज, खूप पावलांचा, नदीच्या बाजूला जाणारा. बाकाखाली त्याची पेटी राहिली होती. मी विस्तवाकडे बघत बसले. मला वाईट वाटलं नाही, आणि बरंही वाटलं नाही. खरंच काही नाही वाटलं, कुणी मला याचा दोष दिला तर देवो.

शुक्रवारी सार्जंट आला, नवा, तरणाबांड. कागद काढून एकेकीला विचारत गेला. भाजीवाली, लोकरवाली, मडकीवाली. सगळ्यांचं उत्तर एकच. शेवटी माझ्यापाशी आला. दमला होता. "दोन्या, काल बाजारात कुणी परका माणूस आला होता का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "परका कुणी नाही आला."

त्यानं तेच लिहिलं. मी अंगठा दिला.

तो गेल्यावर समोरून बेनेदिक्ता उठली. हात ॲप्रनला पुसत आली, बाक ओढला आणि बसली. "वाढ," म्हणाली. मी नवं पातेलं चढवलं होतं, त्यातून वाढलं. तिनं चमचा उचलला, फुंकर मारली, प्यायली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ जास्त झालंय. वीस वर्षं लोक हे पैसे देऊन पितात?"

"आवडत नसेल तर ऊठ," मी म्हटलं.

ती उठली नाही. वाडगं रिकामं केलं.

सोमवारी सर्व संतांचा दिवस. मी कणकेचं बाळ भाजलं, डोळ्यांच्या जागी मनुका लावल्या. ताट मांडायला बेनेदिक्ता आली. मेलितोनच्या शेजारी तेंचाची जागा केली : बाळ, साखरेचे खडे, गंजका गडू घासूनपुसून. दार उघडं ठेवलं, ठेवायचं असतं. मग आत गेले, जुनं भांडं आणलं आणि तिच्या ताटाशेजारी, दारातून दिसेल असं ठेवलं. बेनेदिक्ता म्हणाली, "हे कशाला?"

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "तेंचा, भांडं घरी आलंय गं. कुणी मारत नाही. ये आता."